नकाशा इमारतीचा, प्रश्न बाजाराचा

पुणे-सोलापूर महामार्गावर, पुण्यापासून शंभरेक किलोमीटरवर भिगवण लागते. बाहेरच्या माणसाला हे गाव माहीत असते ते उजनीच्या पाण्यामुळे, हिवाळ्यात कुंभारगावच्या काठावर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांमुळे आणि हॉटेलांतल्या मच्छीच्या ताटामुळे. इंदापूर, बारामती आणि दौंड तालुक्यांच्या कडेची गावे, तसेच भीमेपलीकडच्या कर्जत-करमाळ्याकडची माणसे मात्र भिगवणला ओळखतात ते बाजाराचे गाव म्हणून. बियाणे, खते, ठिबकच्या नळ्या, लग्नाचा बस्ता, भांडीकुंडी, मोटारसायकलचे सुटे भाग, दवाखाना, बँक अशी सगळी कामे एका फेरीत उरकायला लोक इथे येतात. रेल्वे स्टेशन आहे, महामार्ग आहे, बारामतीचा रस्ता इथूनच फुटतो. बारामती शहरात ज्या रस्त्याला शोरूम आणि मोठी दुकाने लागली, त्याचे नावच भिगवण रस्ता आहे.

अशा गावात गाळे वाढणारच. महामार्गालगतच्या रानात उसाच्या जागी गाळे निघतात, कारण भाडे दर महिन्याला हातात येते आणि उसाच्या बिलाची वाट पाहावी लागते. त्यात गैर काही नाही. गावातल्या बाईला साडी घ्यायला बारामती गाठावी लागू नये, पोराला बूट घ्यायला पुण्याची एसटी धरावी लागू नये, ही साधी अपेक्षा आहे. प्रश्न वेगळा आहे. समजा, उद्या रस्त्याकडेच्या एका दुमजली व्यापारी संकुलाने आणखी दोन मजले चढवायचे ठरवले, शेजारचा गट घेऊन गाळ्यांची संख्या दुप्पट करायची ठरवली, तर ही वाढ तपासणार कोण, आणि तपासणार म्हणजे नेमके काय पाहणार?

भिगवणला नगरपालिका नाही, कारभार ग्रामपंचायतीचा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १८ नुसार प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात, नगरपालिका किंवा नगरपंचायतीच्या हद्दीबाहेर, बांधकाम करायचे किंवा जमिनीचा वापर बदलायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. प्रत्यक्षात हे काम खालच्या महसूल अधिकाऱ्यांकडून होते आणि नगररचना कार्यालय तांत्रिक अभिप्राय देते. बारामती उपविभागात बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके येतात. म्हणजे भिगवणच्या बाजारपेठेत काय उभे राहणार, याचा निर्णय साधारणपणे इंदापूर, बारामती आणि पुणे इथल्या टेबलांवर होतो.

ती फाइल उघडून पाहावी. सातबारा, फेरफार, मोजणीची ‘क’ प्रत, गटाचा नकाशा, जोडरस्त्याचा पुरावा, महामार्गाला लागून असेल तर प्रवेशमार्गाची परवानगी, आणि वास्तुविशारदाने काढलेला आराखडा. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीच्या आधारे हा आराखडा ताडून पाहिला जातो. चटईक्षेत्र बसते का, सामासिक अंतर सोडले आहे का, जिना पुरेसा रुंद आहे का, पार्किंगचे चौकोन मोजून भरतात का. हे सगळे आवश्यकच आहे. निकृष्ट जिना आणि अडलेली वाट माणसांचे जीव घेतात. पण संकुलापुढच्या रस्त्यावर पंधरा-वीस वर्षे भाजीचे वाटे लावून बसणारी बाई या फाइलीत कुठेच नसते. मागच्या गल्लीत पाणी कमी दाबाने येते, हेही नसते. पावसाळ्यात त्या गटातून वाहणारा ओढा मोजणीच्या नकाशावर एका बारीक रेघेने दाखवलेला असतो आणि गाळ्यांचा पाया नेमका त्या रेघेवर येतो.

इमारत तपासली जाते आणि बाजार तसाच राहतो. भिगवणसारख्या गावांच्या नियोजनातली मोठी उणीव ही आहे.

आपल्याकडे लोकांना विचारण्याची सोय कायद्यात मुळीच नाही असे नव्हे. शहराची विकास योजना तयार झाली की ती प्रसिद्ध करावी लागते, हरकती-सूचना मागवाव्या लागतात आणि नियोजन समितीपुढे सुनावणी द्यावी लागते. ही तरतूद कागदी नाही, हे मुंबईने दाखवून दिले. २०३४ पर्यंतच्या मुंबईचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये जाहीर झाला. कुठे जुन्या वास्तूंची नोंद चुकली होती, कुठे रस्ते भलतीकडून गेले होते. नागरिकांनी हजारो हरकती घेतल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो आराखडा मागे घ्यायला लावावा लागला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला आणि अंतिम मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. सामान्य माणसाने अर्ज लिहून महानगरपालिकेचा आराखडा बदलायला लावला, ही महाराष्ट्राच्या नगररचनेतली फार मोलाची घटना आहे.

पण ही सोय योजनेपुरती आहे. एकदा योजनेत एखाद्या पट्ट्याला व्यापारी किंवा निवासी रंग मिळाला, की त्यातल्या एकेका इमारतीच्या परवानगीच्या वेळी शेजाऱ्याला, दुकानदाराला, रहिवाशाला कळवण्याचे बंधन १९६६ च्या कायद्यात नाही. उलट नगरपालिकेच्या हद्दीत अर्ज साठ दिवसांत निकाली निघाला नाही, तर तो नियमांत बसत असल्यास परवानगी मिळाली असे मानले जाते. अर्जदाराला वेळेत उत्तर मिळावे, म्हणून ही तरतूद योग्यच आहे. शेजाऱ्यासाठी मात्र कायद्यात एक दिवसही राखलेला नाही. इंग्लंडमध्ये घराला मागे परवानगी लागेल एवढी खोली वाढवायची असली तरी अर्ज जाहीर होतो आणि लोकांना किमान २१ दिवस म्हणणे मांडता येते. तिथले अधिकारी आपल्यापेक्षा हुशार आहेत म्हणून असे होत नाही. अर्ज गुप्त ठेवायचा नाही, एवढेच त्यांनी ठरवून घेतले आहे.

भिगवणची अडचण याहून दुहेरी आहे. गावाला स्वतःची विकास योजनाच नाही. लागू आहे ती १९९७ मध्ये मंजूर झालेली पुणे जिल्ह्याची प्रादेशिक योजना. ती जिल्ह्याच्या मापाने विचार करते आणि भिगवणची पेठ त्या मापात एका ठिपक्याएवढी असते. २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण झाले, पण त्याच्या हद्दीत इंदापूर आणि बारामती तालुके नाहीत. त्यामुळे योजनेच्या टप्प्यावर हरकत घ्यायला योजना नाही आणि परवानगीच्या टप्प्यावर हरकतीची सोय नाही.

दुसरे कायदे उघडून पाहिले तरी हाच अनुभव येतो. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत वीस हजार चौरस मीटर आणि त्यापुढच्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी लागते. भिगवणमधले कुठलेही संकुल तेवढे मोठे होणार नाही. झाले असते तरी इमारतींच्या प्रकल्पांना त्या अधिसूचनेने जनसुनावणीतून वगळले आहे. म्हणजे पुण्या-मुंबईतल्या लाखभर चौरस मीटरच्या मॉललाही लोकांसमोर उभे राहावे लागत नाही. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा चांगला आहे. त्यात नगर पथविक्रेता समिती आहे, समितीत विक्रेत्यांचे किमान चाळीस टक्के प्रतिनिधी आहेत, वर्षानुवर्षे भरत आलेल्या बाजारांना संरक्षण आहे. पण तो शहरी पथविक्रीसाठी आहे. महानगरपालिका, नगरपालिका, नगरपंचायती, कटक मंडळे त्यात येतात. ग्रामपंचायतीच्या हद्दीतली टपरी, हातगाडी, पथारी येत नाही. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम सिंचनासाठी बांधलेल्या जलाशयांना पाणथळ मानत नाहीत. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले ते सिंचनासाठी. म्हणून जगभरातले पक्षी ज्या पाण्यावर उतरतात, ते पाणी या नियमांच्या बाहेर राहिले. नाशिक जिल्ह्यातले नांदूर मधमेश्वरही बंधाऱ्यामुळेच तयार झालेले, पण २०२० मध्ये ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले. इच्छा असेल तर वाट निघते, हे त्यावरून दिसते.

प्रत्येक कायदा भिगवणच्या वेशीवर येऊन थांबतो. कामकाजाने भिगवण शहर झाले आहे, कायद्याने ते अजून खेडे आहे. या दोहोंच्या मधल्या फटीत गाळे वाढत जातात.

वाढीची तपासणी म्हणजे काय असायला हवी, हे पाहायचे तर कागद बाजूला ठेवून रस्त्यावर यावे लागेल. वाहतुकीचेच घ्या. समजा, कोणी मनावर घेतले आणि संकुलामुळे रस्त्यावर किती ताण येईल याची मोजणी केली. ती कोणत्या महिन्यात करणार? जून-जुलैत मोजली तर रस्ता मोकळा दिसेल. उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की शेटफळगढे आणि भवानीनगरच्या कारखान्यांकडे जाणारे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर परिसरातल्या रस्त्यांवर दिवसरात्र असतात. ती ट्रॉली वळायला किती जागा लागते आणि तिच्या मागे किती गाड्या खोळंबतात, हे चौकात पाच मिनिटे उभे राहिले तरी कळते. त्याच महिन्यांत शनिवार-रविवारी पक्षी पाहायला पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात. त्यातच लग्नसराई येते आणि बस्ते बांधायला आलेल्या जीपा दुकानांपुढे तासन्‌तास उभ्या राहतात. आठवडे बाजाराच्या दिवसाची गोष्ट तर निराळीच. महामार्ग रुंद झाला, पण गावातला रस्ता तेवढाच राहिला. नियमावलीत पार्किंगचे चौकोन भरले, म्हणून ट्रॉलीच्या मागे अडकलेली रुग्णवाहिका सुटत नाही.

मासळी बाजाराचेही तसेच. उजनीने भिगवणला दिलेला हा खरा व्यापार. इंदापूर कृषी उत्पन्न बाजार समितीच्या भिगवण उपबाजारात मासळीचे लिलाव होतात. क्रेटमधून आणि टपांतून आलेली चिलापी, कटला, रोहू, मरळ काट्यावर चढते, बोली लागते, बर्फाच्या थरात भरून टेम्पोत जाते. या कामाला फरशी, उतार, भरपूर पाणी, वाहता निचरा आणि टेम्पो मागे घ्यायला मोकळी जागा लागते. लिलाव लांबला की बर्फ वितळतो आणि भाव पडतो. पहिला फटका मच्छीमाराला बसतो. अशा बाजारांच्या शेजारी चकचकीत गाळे आले की काय घडते, हे शहरांनी पाहिले आहे. आधी वासाची तक्रार होते, मग टेम्पोंना वेळेची बंदी येते, मग बाजार गावाबाहेर हलवण्याचा प्रस्ताव येतो. आधीपासून तिथे असलेल्याने नव्याला वाट द्यावी, असा उलटा न्याय होतो. विस्ताराच्या अर्जावर विचार करतानाच शेजारच्या चालू व्यवसायाला कोणते संरक्षण मिळेल, हे लिहून घेतले पाहिजे.

आणि सांडपाणी. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेवाटे उजनीत येते, याबद्दल भिगवण, इंदापूर, करमाळ्याचे लोक वर्षानुवर्षे तक्रार करत आले आहेत. ही तक्रार रास्त आहे. ती करणाऱ्या गावाने आपल्या संकुलांच्या संडास-मुताऱ्यांचे आणि हॉटेलांच्या मोऱ्यांचे पाणी कुठे जाते, हेही तितक्याच काटेकोरपणे विचारले पाहिजे. शोषखड्डा नकाशावर असतो. पन्नास गाळे, दोन हॉटेले आणि एक मंगल कार्यालय यांचा भार तो किती दिवस सोसेल, हा प्रश्न नकाशा पाहून सुटत नाही.

सार्वजनिक पैशातून बाजाराची इमारत बांधावी की नाही, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. १८७६ ते १८८२ या काळात महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. मंडईच्या भव्य इमारतीचा प्रस्ताव आला तेव्हा त्यांनी त्या खर्चाला विरोध केला. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. इमारत झालीच. १८८६ मध्ये ती सुरू झाली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. पुढे याच मंडईला फुले यांचे नाव देण्यात आले. शनिवारवाड्यासमोरच्या उघड्यावर भरणारा भाजीबाजार छताखाली आला, आणि सव्वाशेहून जास्त वर्षे ती वास्तू पुण्याच्या कामी येत राहिली. इमारत चांगली निघाली म्हणून फुले चुकले, असा निष्कर्ष घाईचा होईल. बाजार बांधताना कोणाचा पैसा, कशाच्या बदल्यात, कोणासाठी, हे सभेत उघडपणे विचारणारा एक सदस्य होता. आज ग्रामपंचायती आणि नगरपालिका आपल्या जागांवर गाळे बांधतात, अनामत घेऊन लिलाव करतात, भाडेपट्टे देतात. तेव्हा असे विचारणारा आवाज किती सभांत उठतो?

स्थानिक संस्था स्वतःच जागेची मालक असते तेव्हा तपासणीची गरज सर्वांत जास्त असते. लखनौच्या अमीनाबाद बाजारातले झंडेवाला पार्क हे त्याचे उदाहरण. तिथल्या नगर महापालिकेने स्वातंत्र्यलढ्याच्या आठवणी असलेल्या या उद्यानाखाली भूमिगत बाजार बांधण्याचे काम निविदा न मागवता एका बांधकाम कंपनीला दिले. काम बरेच पुढे गेले होते. लोक न्यायालयात गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९९ मध्ये बांधकाम काढून उद्यान पूर्ववत करण्याचा आदेश कायम केला. उद्यान ही लोकांसाठी राखलेली जागा आहे, महापालिका तिची विश्वस्त आहे, ही त्या निकालामागची भूमिका. वेळीच एक जाहीर सुनावणी झाली असती तर हे बांधण्याचे आणि पाडण्याचे पैसे वाचले असते. गावोगावच्या शाळांच्या मैदानाकडेला, तळ्याच्या काठाला, बाजारतळाला लागून ‘उत्पन्न वाढवण्यासाठी’ गाळे काढले जातात, तेव्हा हा निकाल सरपंचांनी आणि ग्रामसेवकांनी वाचावा.

मुंबईच्या गिरणगावाने दुसरा धडा दिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ ने ठरवले होते की गिरणीची जमीन विकसित करताना ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेली मालकाकडे. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची न करता फक्त रिकाम्या जमिनीची करायची, असे ठरले, आणि जिथे गिरण्यांच्या इमारतीच सगळी जागा व्यापून होत्या तिथे लोकांच्या वाट्याला फार थोडे उरले. उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये मालकांच्या विरोधात निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. त्या जागांवर आज मॉल, कचेऱ्या आणि उंच इमारती आहेत. एका वाक्याच्या दुरुस्तीने शहराची शेकडो एकरांतली वाटणी बदलली आणि गिरणी कामगारांच्या वस्त्यांना ते बरेच उशिरा कळले. मोठे बदल ‘किरकोळ दुरुस्ती’च्या नावाने येतात, म्हणून विस्ताराचे अर्ज जास्त बारकाईने वाचायला हवेत.

मूळ इमारतीपेक्षा विस्ताराकडे कमी लक्ष जाते, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. पहिल्या वेळी जागा नवी असते, सगळ्यांचे लक्ष असते. नंतर तळमजल्यावर पहिला मजला येतो, गच्चीवर पत्र्याची शेड चढते, पार्किंगमध्ये दोन गाळे निघतात, बेकरीच्या वर क्लास सुरू होतो, क्लासच्या वर दवाखाना. प्रत्येक पाऊल लहान, आणि सगळ्यांची बेरीज कोणीच केलेली नसते. २५ मार्च २०२१ च्या रात्री भांडुपच्या ड्रीम्स मॉलला आग लागली. त्या मॉलच्या वरच्या मजल्यावर कोविडचे रुग्णालय चालू होते. रुग्णांचे बळी गेले. दुकानांसाठी बांधलेल्या इमारतीत अंथरुणाला खिळलेली माणसे ठेवली जात आहेत, हे त्या इमारतीत रोज जाणारे शेकडो लोक पाहत होते. त्यांना विचारण्याची रीत असती, तर कोणीतरी ते बोलून दाखवले असते. भिगवणसारख्या गावात तर आधी हेच विचारायला हवे, की आग लागली तर बंब कुठून येईल, किती वेळात येईल आणि गल्लीत शिरेल का.

या साऱ्यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. लोकांना विचारायचे ठरवले, की बोलायला येणार कोण? सगळ्यांत आधी येणार ते जुने दुकानदार. नवीन दुकान आले तर आपले गिऱ्हाईक तुटेल, ही त्यांची भीती. आणि पर्यावरणाच्या, वाहतुकीच्या नावाने ते स्पर्धाच अडवतील. हा आक्षेप इतिहासाला धरून आहे. फ्रान्सने १९७३ मध्ये ‘ल्वा रुआये’ म्हणून ओळखला जाणारा कायदा केला. लहान गावांत एक हजार आणि मोठ्या शहरांत दीड हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानाला स्थानिक समितीची परवानगी लागू लागली, आणि त्या समितीत व्यापारीही बसत. परवानगी देणाऱ्या खुर्च्यांभोवती पैशांचे व्यवहार वाढले आणि १९९३ च्या भ्रष्टाचारविरोधी कायद्यातून त्या समित्यांची रचना बदलावी लागली. १९९६ मध्ये ही मर्यादा तीनशे चौरस मीटरवर आणली गेली. तरीही फ्रान्समध्ये महाकाय दुकाने वाढायची ती वाढलीच. जपानमध्ये १९७४ मध्ये लागू झालेल्या कायद्याने मोठ्या दुकानांच्या वाटेत लहान दुकानदारांना इतके बळ दिले, की एकेक अर्ज वर्षानुवर्षे रखडत असे. २००० मध्ये जपानने तो कायदा मोडीत काढला आणि नव्या कायद्यात प्रश्नच बदलले. आता दुकानाने कोणाचा धंदा बसेल हे विचारायचे नाही. गाड्या कुठे उभ्या राहतील, आवाज किती होईल, कचरा कुठे जाईल, हे विचारायचे.

जपानने बदललेले हे प्रश्न भिगवणने तसेच घ्यावेत. किराणा दुकानदाराला नव्या मोठ्या दुकानापासून वाचवणे हे नियोजनाचे काम नाही. गिऱ्हाइकाला स्वस्त आणि चांगला माल मिळत असेल तर तो त्याचा हक्क आहे, आणि तिथे काम मिळणारी मुले याच गावांतली असतील. पण सार्वजनिक रस्ता, सार्वजनिक पाणी, ओढा, बाजारतळ, चालणाऱ्याची वाट आणि आगीपासूनची सुरक्षितता या गोष्टी संकुलाच्या मालकाच्या नाहीत. त्यांचा वापर वाढणार असेल तर ज्यांच्या त्या आहेत त्यांच्यासमोर हिशेब मांडला पाहिजे. नफा खासगी आणि कोंडी सार्वजनिक, ही वाटणी गावाने मान्य करण्याचे काहीही कारण नाही.

रस्त्यावर बसणाऱ्यांचा प्रश्न मात्र स्पर्धेच्या खात्यात टाकता येणार नाही. हातगाडीवाला आणि संकुल यांच्यात स्पर्धा होतच नाही. संकुलाच्या पायरीपाशी गर्दी होते म्हणून तो तिथे येतो, आणि त्याच्यामुळे संकुलातही गिऱ्हाईक वाढते. असे असूनही बांधकाम पूर्ण होताच पहिली कारवाई ‘अतिक्रमण’ म्हणून त्याच्यावरच होते. संकुलाच्या आराखड्यातच, दर्शनी बाजूला, छपराखाली, पाण्याच्या नळासह त्यांच्यासाठी जागा आखून घेता येते. त्यासाठी लागणारी जागा चार मोटारींच्या पार्किंगइतकी असेल. २०१४ चा कायदा गावाला लागू नसला तरी त्याचे तत्त्व स्वीकारायला ग्रामपंचायतीला कोणी अडवलेले नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. आधीच परवानग्यांच्या फेऱ्यांनी माणूस थकतो, त्यात आणखी एक सुनावणी कशाला? हा त्रास खरा आहे. तो कमी व्हावा म्हणून शासनाने पावलेही उचलली आहेत. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतल्या जमिनीला निवासी बिगरशेती वापरासाठी स्वतंत्र परवानगीच्या फेऱ्यातून सोडवणारे कलम ४२-ड महसूल संहितेत आले. घर बांधणाऱ्या कुटुंबासाठी ही सवलत योग्य आहे. पन्नास गाळ्यांचे संकुल आणि चार खोल्यांचे घर यांना मात्र एकाच मापाने मोजू नये. लहान दुकानाला सुनावणी नको. ठरावीक आकाराच्या वर, समजा पाचशे चौरस मीटरच्या वर, जाहीर सूचना असावी आणि तीस दिवसांत सगळे संपावे. लेखी हरकती, एक उघडी बैठक, कारणांसह लेखी निर्णय, एवढेच. निर्णय अधिकाऱ्याचाच राहील. ग्रामसभेला नकाराधिकार देण्याची गरज नाही. मात्र ‘हरकत विचारात घेतली’ या तीन शब्दांवर भागवता येणार नाही. ऊस हंगामातल्या वाहतुकीचा मुद्दा आला असेल तर त्याचे उत्तर ऊस हंगामातल्या मोजणीनेच द्यावे लागेल. आणि विस्तार असेल तर मूळ परवानगीपासून आजवरची सगळी वाढ एकत्र धरून पाहावी लागेल.

यासाठी मुंबईत नवा कायदा होण्याची वाट पाहायला नको. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातले कलम ४ कार्यालयांना सांगते की दिलेल्या परवानग्यांचा तपशील त्यांनी स्वतःहून प्रसिद्ध करावा. घटनेच्या अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांत बाजार आणि जत्रा हा विषय आहे. तो पंचायतींकडे सोपवावा, असे घटनेलाच अभिप्रेत आहे. आणि असे अर्ज येतात तेव्हा अनेकदा ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला मागितला जातो. तो दाखला मासिक सभेत पाच मिनिटांत देण्याऐवजी गावापुढे ठेवून देणे पूर्णपणे ग्रामपंचायतीच्या हातात आहे.

भीमाकाठच्या या पट्ट्याला न विचारता झालेल्या निर्णयांचा अनुभव मोठा आहे. उजनीच्या पाण्यात गावे गेली. जुन्या पळसदेवचे मंदिर आजही पाणी ओसरले की वर येते. तेव्हा धरणाचा निर्णय राज्याच्या पातळीवरचा होता आणि त्यातून लाखो एकरांना पाणी मिळाले, म्हणून लोकांनी ते सोसले. आज महामार्गाकडेच्या गाळ्यांचा निर्णय तेवढा मोठा नाही. तो गावातच बसून, समोरासमोर, नावानिशी चर्चा करून घेण्याइतका लहान आहे.

ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा गावागावांत ठरलेल्या आहेत. भिगवणच्या ग्रामसभेने येत्या सभेत एक ठराव करावा. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या व्यापारी बांधकामाचा किंवा त्याच्या वाढीचा आराखडा चावडीवर तीस दिवस लावल्याशिवाय, आणि मच्छीमार, पथारीवाले, व्यापारी, शेतकरी व मागच्या गल्लीतल्या बायका यांचे म्हणणे उघड्या सभेत ऐकून इतिवृत्तात नोंदवल्याशिवाय, ना-हरकत दाखला दिला जाणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहावे. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या गाळ्यांनाही हाच नियम लावावा. ठरावाची प्रत बारामतीच्या प्रांताधिकाऱ्यांना आणि पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना पाठवावी, आणि पुढच्या प्रत्येक फाइलीला ती जोडली जाईल याकडे सदस्यांनी लक्ष ठेवावे.